खानदेशातल्या एका बंदुकीची तहकीक

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत ज्या घरी जुनी बंदूक आहे त्या घरी ती बहुधा सनदेसारखी सांभाळलेली असते. जमिनीचे कागद वाळवीने खाल्ले, काही पुरात गेले, काही भाऊबंदकीत फाटले. बंदूक मात्र माळ्यावर किंवा खुंटीवर टिकून राहिली. मग घराण्याची सारी हकीकत तिलाच येऊन चिकटली. मुसलमानाच्या घरी ती ‘अरब जमादाराची’ किंवा ‘मोगलांच्या वेळची’ असते, दुसऱ्या एखाद्या घरी ती ‘पेशव्यांनी दिलेली’ असते, आणि अलीकडच्या काळात जवळजवळ प्रत्येक बंदूक १८५७ च्या बंडात हजर राहून आलेली असते. आम्ही उर्दू शाळेत शिकवितो, त्यामुळे नळीवर काही ‘उर्दूसारखे’ दिसले की लोक निरोप धाडतात, “मास्तरसाहेब, तेवढं वाचून द्या.” वाचायला गेले की लक्षात येते, लोकांना अक्षरे वाचून नको असतात. जे ते आधीपासून सांगत आले आहेत त्यावर आमची सही हवी असते.

हा लेख अशाच एका बंदुकीविषयी आहे. पण त्या बंदुकीपाशी जाण्याआधी दोन-चार गोष्टी सांगितल्याशिवाय पुढची उकल ध्यानात यायची नाही.

पहिली गोष्ट शब्दांची. ‘बंदूक’ हा शब्द अरबीतल्या ‘बुंदुक’वरून आला. बुंदुक म्हणजे एक गोल, टणक कवचाचे फळ. त्यावरून धनुष्याने फेकायची मातीची गोळी, आणि मग गोळी फेकणारे हत्यार. तोफ तुर्की, तमंचा तुर्की, चकमक तुर्की. बारूद अरबीतून आली. ज्या जळत्या वातीने पूर्वी बंदूक डागत ती वात अरबीत फतीला, आणि तीच मराठीत पलिता. अरबस्तानात तोड्याच्या बंदुकीला लोक ‘अबू फतीला’, म्हणजे ‘वातीचा बाप’ म्हणत. बंदूक चालविणारा तो बरकंदाज, म्हणजे वीज फेकणारा. हा फारसी शब्द पेशवाईच्या मराठी कागदांत पदोपदी भेटतो. मराठीने हे शब्द परके म्हणून कधी ठेवले नाहीत. आम्ही वर्गात मुलांना हे सांगतो तेव्हा मुलांना गंमत वाटते, मोठ्या माणसांना मात्र उगाच संशय येतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. आज नंदुरबार म्हटले की लोकांना मिरची आठवते आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून निघालेला नवा जिल्हा आठवतो. पण सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता नवापूर-नंदुरबारवरून जात असे. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये जहांगीर बादशहाच्या भेटीला निघाला तो याच वाटेने. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदले आहे. सांगायचे एवढेच की, समुद्रापलीकडचे लोखंड, नळ्या, कारागीर आणि शिपाई या सगळ्यांना आमचे गाव वाटेत लागत होते. तेव्हा इथल्या माळ्यावर निघालेली बंदूक इथेच बनली असे समजण्याचे कारण नाही, आणि ती अमुक एकाच मुलुखाची असली पाहिजे असेही नाही.

आता बंदुकीच्या जाती. जुन्या बंदुका तोंडाकडून ठासून भरीत, म्हणून आपल्याकडे सगळ्यांनाच ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात. पण ठासणीच्या बंदुकीतही तीन पिढ्या आहेत. सर्वांत जुनी तोड्याची. नळीच्या मागच्या टोकाला बाजूला एक बारीक भोक असते, त्याला कान म्हणतात. कानाबाहेर लहानशी वाटी, तीत रंजक म्हणजे बारीक दारू. चाप दाबला की सापासारखी वाकडी पट्टी जळता तोडा घेऊन वाटीवर झुकते आणि बार उडतो. दुसरी चकमकीची. तिच्यात घोड्याच्या तोंडात गारेचा तुकडा असतो, तो पोलादावर आपटून ठिणगी पाडतो. तिसरी टोपीची. तिच्यात रंजकही नाही आणि गारही नाही. एका पोकळ खुंटीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवितात, घोडा तिच्यावर पडला की आतला मसाला भडकतो. युरोपात या तिन्ही पिढ्या एकामागून एक आल्या व गेल्या. हिंदुस्थानात असे झाले नाही. चकमकीची बंदूक आली तरी तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकात पुष्कळ खोलवर चालू राहिली. ती स्वस्त होती, तिच्यात बिघडण्यासारखे फार काही नव्हते, आणि गावचा लोहार ती दुरुस्त करू शकत होता. चकमकीला चांगली गार लागे आणि उत्तम कमान म्हणजे स्प्रिंग लागे. या दोन्ही गोष्टी लोहाराच्या हातातल्या नव्हत्या. म्हणून ‘तोड्याची आहे, म्हणजे मोगलांच्या काळची’ हा हिशोब कच्चा आहे. तोड्याची बंदूक अकबराच्या काळची असू शकते, तशी ती आमच्या पणजोबांच्या काळचीही असू शकते.

मोगल म्हणण्याला तर आणखी एक अडचण आहे. अकबराला बंदुकांचा मोठा नाद होता. त्याच्या खास बंदुकीचे नाव ‘संग्राम’, आणि चितोडच्या वेढ्यात जयमल तिच्याच गोळीने पडला असे अबुल फज्ल सांगतो. उस्ताद कबीर आणि हुसैन या बंदूक बनविणाऱ्यांची नावेही त्याने दिली आहेत. बादशाही कारखान्यातल्या बंदुकीवर काय काय कोरीत हेही तो लिहितो: कच्च्या व तयार लोखंडाचे वजन, लोखंड कुठले, कारागीर कोण, बनली कुठे, केव्हा, आणि तिचा अनुक्रम कितवा. इतकी टिपणे ज्या कारखान्यात होत होती तिथली म्हणून दाखविलेली बंदूक अगदी कोरी असेल, तर निदान आईनच्या साक्षीने ती बादशाही म्हणता येत नाही. एखाद्या मनसबदाराच्या शिपायाची असेल. त्याला कोणी नाही म्हणत नाही.

आता आमच्या बंदुकीकडे येऊ. ती तळोदा तालुक्यातील एका घरची. घरमालकांचे नाव देत नाही, त्यांची तशी इच्छाही नाही; आम्ही त्यांना चाचा म्हणतो. घराण्यात चालत आलेली गोष्ट अशी की, त्यांचे पूर्वज मालेगावच्या किल्ल्यात अरब जमादार होते. किल्ला इंग्रजांनी घेतल्यावर ते बंदुकीसह निसटून सातपुड्याकडे आले. बंदुकीवर हिजरी सन आहे आणि ‘सरकारी नंबर’ही आहे, असे त्यांनी अगोदरच सांगून ठेवले होते.

हात लावण्यापूर्वी आम्ही एक गोष्ट केली, ती इथे मुद्दाम लिहितो. कारण तिच्यावाचून अपघात होतात. जुन्या ठासणीच्या बंदुका पुष्कळदा भरलेल्याच ठेवून दिलेल्या असतात, आणि शंभर वर्षांची कोरडी दारूही पेट घेऊ शकते. म्हणून नळीच्या तोंडापुढे न राहता लाकडी काठी आत हलकेच टेकेपर्यंत सोडायची, तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून ती कानापर्यंत पोचते का ते पाहायचे. चार बोटे कमी भरली तर आत काहीतरी आहे असे समजून बंदूक जशीच्या तशी ठेवावी आणि जाणत्या माणसाला बोलवावे. आमच्या बंदुकीची नळी मोकळी निघाली.

नळी लांब, सडपातळ, मागच्या बाजूला आठ पैलूंची. उजेडात तिरपी धरली की लोखंडावर पाण्याच्या लाटांसारख्या रेषा दिसतात. पट्टी पिळून, गुंडाळून, ठोकून नळी बनविली की असे जौहर उमटते. कानाजवळ चांदीच्या तारेच्या कामाचे अवशेष होते. बाकीचे काम कुणीतरी विटेच्या भुकटीने घासून घासून घालविले होते, दर ईदला बंदूक चमकविण्याची त्या घरी पद्धत होती म्हणे.

‘सरकारी नंबर’ म्हणून दाखविला तो एक लहानसा चौकोन होता. त्याची चार घरे, आणि चार घरांत अरबी वळणाचे २, ४, ६, ८. चाचांच्या थोरल्या मुलाचे मत की हा फौजेतला क्रमांक, धाकट्याचे मत की ही २४६८ साली बनली, पण हा सन कुठला ते कळत नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी आजीच्या पेटीत जुने तावीज असतील ते हसतील. अबजदच्या हिशोबात ‘बे’चे दोन, ‘दाल’चे चार, ‘वाव’चे सहा आणि ‘हे’चे आठ. चारी मिळून ‘बदूह’. हा शब्द रक्षणाचा तावीज म्हणून शतकानुशतके लिहिला गेला. पूर्वी पत्र बिनघोर पोचावे म्हणून लखोट्यावरही हे आकडे टाकीत. इराणपासून दख्खनपर्यंत तलवारींवर आणि बंदुकांवर हा चौकोन सापडतो. त्यावरून एवढेच म्हणता येते की, बनविणारा किंवा विकत घेणारा या समजुतीच्या जगातला होता. गाव, साल, फौज यांपैकी काहीच त्यातून निघत नाही.

खरा पेच पडला तो सनाचा. नळीच्या वरच्या पैलूवर टिंबाटिंबांनी ठोकलेला आकडा होता, १२१५. चाचांच्या हिशोबाने हा हिजरी सन. हिजरी १२१५ हा २५ मे १८०० च्या सुमारास लागतो, म्हणजे बंदूक १८००-०१ ची, मालेगावच्या वेढ्याच्या सतरा-अठरा वर्षे आधीची. गोष्ट जुळते. पण त्या काळात आपल्या मुलुखात एकच सन चालत नव्हता. दख्खनी फसलीत १२१५ म्हणजे १८०५-०६. मराठी दप्तरांत जो सुहूर सन किंवा अर्बी साल चाले, ज्याची सुरुवात मृगाबरोबर होई, त्यात १२१५ म्हणजे १८१४-१५. आणि टिपू सुलतानाने काढलेल्या मौलूदी सनात १२१५ म्हणजे १७८७ च्या आसपासचे वर्ष. पण त्याचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहीत, तेव्हा आपल्या डोळ्यांना ते ५१२१ दिसले असते. एकाच आकड्याची ही चार वर्षे, आणि पहिल्या-शेवटच्यात सत्तावीस वर्षांचे अंतर.

मौलूदी तर नव्हतेच, आकडा सरळ होता. राहिले तीन. इथे आमच्या मदतीला आली ती अक्षरे. चौकोनातले २-४-६-८ अरबी वळणाचे होते. १२१५ मात्र देवनागरीत होते. हे अंक दोन वेगवेगळ्या हातांनी, बहुधा वेगवेगळ्या वेळी ठोकलेले आहेत. हिजरी सन देवनागरीत कधीच लिहीत नसत असे नाही. पण टिंबांनी ठोकलेला देवनागरी आकडा ही कारागिराची सही वाटत नाही, ती कोठाराची नोंद वाटते. बिकानेरच्या शस्त्रागाराचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १६८९ च्या सुमारास औरंगजेबाच्या फौजेतून महाराजा अनूपसिंहाने दक्षिणेतले अदोनी घेतले, तिथली शस्त्रे बिकानेरला नेली आणि त्यांच्यावर टिंबांनी देवनागरीत नोंदी ठोकल्या. दख्खनी मुसलमान कारागिरांनी घडविलेली हत्यारे राजपूत कोठारात गेली आणि तिथल्या लिपीत त्यांची हजेरी लागली. लिपीवरून कारागीर ओळखू गेले तर ती सारी शस्त्रे राजस्थानी ठरतील. उलट फारसी अक्षरे दिसताच हत्यार ‘मुसलमानी’ म्हणणेही तितकेच चुकीचे, कारण फारसी ही त्या काळी अनेक हिंदू दरबारांच्या लिखापढीचीही भाषा होती.

म्हणून आमचे मत असे झाले की, नळी कुठेही बनलेली असो, १८०५ ते १८१५ च्या दरम्यान ती मराठीत लिखापढी करणाऱ्या कुणाच्या तरी कोठारात होती. ती त्याआधी किती वर्षे जुनी होती हे आकडा सांगत नाही.

चाचांना हे रुचले नाही. “म्हणजे आमची बंदूक मराठ्यांची?” त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, चाचा, अरब जमादार तरी कुणाच्या नोकरीत होते? त्यावर ते गप्प झाले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, “हे आमच्या अब्बांनी कधी सांगितलं नाही.”

आमच्या समाजात ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही हे खरे आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला हजरमौत, येमेनकडचे अरब मोठ्या संख्येने दख्खनमध्ये आले ते पगारी शिपाई म्हणून. पेशवे, होळकर, शिंदे, गायकवाड, नागपूरकर भोसले, निजाम, सगळ्यांकडे अरबांची पथके होती. किल्ल्याच्या तटाआडून लढावे ते अरबांनी, असा त्यांचा लौकिक. त्यांच्या आधी इब्राहिमखान गारदी होऊन गेला; तो फ्रेंचांच्या हाताखाली तयार झाला आणि १७६१ ला पानिपतात मराठ्यांच्या बाजूने आपल्या चकमकी बंदुकांच्या पलटणीसह लढून मारला गेला. हे सारे मीठ कुणाचे खाल्ले त्यावर चालत होते, आणि ते ज्याने त्याने बहुधा इमानाने खाल्ले.

खानदेशात याची दोन ठळक उदाहरणे आहेत आणि दोन्ही १८१८ ची. तापीकाठचे थाळनेर एकेकाळी फारुकी सुलतानांचे ठाणे. १८१८ मध्ये होळकरांचा किल्ला होता. किल्लेदार तुळशीराम मामा, आत अरब शिबंदी. तहाने हा मुलुख इंग्रजांकडे गेला होता, पण किल्ल्यातून गोळ्या सुटल्या. २७ फेब्रुवारीला जनरल हिस्लॉपच्या फौजेने दरवाजे घेतले. आत शिरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर अरबांनी हल्ला केला, दोन अधिकारी मारले गेले, आणि मग किल्ल्यातली शिबंदी कापून काढण्यात आली. तुळशीराम मामांना हिस्लॉपने फाशी दिली. या फाशीवर पुढे इंग्लंडातही टीका झाली. एकाच तटावर एक हिंदू किल्लेदार आणि शेकडो अरब एकाच दिवशी मेले. थाळनेर आता शिरपूर तालुक्यात आहे; शहाद्याहून जाऊन येण्यासारखे आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीकांनी ते पाहिले आहे ते विचारायला नको.

दुसरे मालेगाव. नारो शंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला हा किल्ला अरबांच्या ताब्यात होता. कर्नल मॅकडॉवेलने मेच्या मध्यावर वेढा घातला तो जवळजवळ महिनाभर चालला. इंग्रजांचे हल्ले परतविले गेले, दोनशेहून अधिक माणसे पडली. शेवटी ११ जूनला तोफेच्या गोळ्याने किल्ल्यातले दारूचे कोठार उडाले, तट ढासळला, आणि १३-१४ जूनला अरबांनी किल्ला सोडला. शरणागतीचा कागद मराठीत होता, आणि त्यातल्या शब्दांचा अर्थ काय लावायचा यावर पुढे बराच खल झाला. कंपनीला अरब शिपाई खानदेशात नको होते; त्यांना मुलुखाबाहेर घालविण्याचे धोरण ठरलेले होते. अशा वेळी एखादा जमादार निसटून डोंगराकडे आला असेल आणि पुढे दोन पिढ्या त्याने आपण कोण ते मोठ्याने सांगितले नसेल, हे अशक्य म्हणता येत नाही. चाचांच्या घराण्याच्या गोष्टीला आम्ही खोटी म्हटलेले नाही. नळी तिच्या विरुद्ध जात नाही, एवढे आम्ही मान्य केले. पण विरुद्ध न जाणे आणि साक्ष देणे या दोन गोष्टी आहेत.

आणि नळी म्हणजे सगळी बंदूक नव्हे. ही मूळची तोड्याची असली पाहिजे, कारण नळीच्या बाजूला जुन्या कानाची जागा बुजविलेली दिसते. आज तिच्यावर आहे तो टोपीचा घोडा. घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसविला आहे ती पट्टी स्वच्छ केल्यावर तिच्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह दिसला. ईस्ट इंडिया कंपनीची ही खूण. कंपनीच्या बंदुकांवर आधी हृदयाच्या आकाराचा शिक्का असे, त्याचे चार भाग आणि त्यांत कंपनीची आद्याक्षरे. १८०८ नंतर त्या जागी सिंह आला. टोपीच्या बंदुका कंपनीने १८४० च्या सुमारास घ्यायला सुरुवात केली, आणि १८५८ मध्ये कंपनीचे राज्यच संपले. तेव्हा ही पट्टी या अठरा-वीस वर्षांतली. दस्ता तर सागाचा, अगदी आपल्याकडच्या सुताराच्या हातचा; विलायती बंदुकीचा दस्ता अक्रोडाचा असतो.

याचा अर्थ असा की, १८१८ साली मालेगावच्या तटावर असलेल्या कुणाही अरबाने हा घोडा ओढलेला नाही. ही बंदूक आजच्या रूपात १८४० नंतर जन्मली. नळी एका जगातली, घोडा दुसऱ्या, आणि लाकूड सातपुड्याचे.

कंपनीचा घोडा कुठून आला? इथे आम्ही दोन वाटा पाहतो. पहिली भिल्ल पलटणीची. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला खानदेश भिल्ल कोअर उभी केली. ज्या भिल्लांना सरकार बंडखोर म्हणत होते त्यांनाच गणवेश आणि बंदूक देऊन भिल्लांवर सोडले. मोडक्या बंदुकांचे भाग बाजारात येत असतील. दुसरी वाट १८५७-५८ ची. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाजा नाईक सरकारविरुद्ध उठला, भीमा नाईक त्याला मिळाला, भिल्लांबरोबर मकराणीही होते. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली आणि बंड मोडले. बंडवाल्यांकडेही लुटलेल्या कंपनीच्या बंदुका होत्याच. तेव्हा सिंहाची खूण दिसली की हातातला माणूस सरकारचा, हा तर्क चालत नाही. आणि घरात गोष्ट आहे म्हणून तो बंडवाला, हाही चालत नाही. चाचांचे धाकटे चिरंजीव १८५७ साठी फार आग्रही होते. त्यांना कुठेतरी अर्ज करायचा होता. आम्ही लिहून दिले नाही, त्यामुळे काही दिवस त्यांनी आमच्याशी बोलणे सोडले होते.

बंडानंतर सरकारने हत्यारे गोळा करायला सुरुवात केली. १८५७ आणि १८६० चे कायदे झाले, आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा मोठा कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक ठेवणे गुन्हा झाला. घराघरांतल्या बंदुका तेव्हा ठाण्यात गेल्या, विहिरीत गेल्या किंवा जमिनीत पुरल्या गेल्या. ज्या पाठीमागे राहिल्या त्यांची खरी हकीकत सांगणे धोक्याचे झाले, आणि आमच्या समजुतीप्रमाणे हकीकतींच्या जागी दंतकथा आल्या त्या याच काळात. परवाना असेल तर त्याचा कागद शोधावा. एका जुन्या परवान्याने जे समजते ते दहा गोष्टींनी समजत नाही.

बंदुकीची हकीकत नीट सापडली तर काय होते, हे पाहायचे असेल तर टिपूच्या बंदुका पाहाव्यात. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडले आणि त्याच्या तोशाखान्यातली हत्यारे वाटली गेली. टिपूच्या कारखान्यातल्या बंदुकांवर वाघाचे पट्टे, मौलूदी सन आणि कारागिराचे नाव असल्याने त्या ओळखू येतात. त्यांतली एक, १७९३-९४ ची, असद खान मुहम्मद या कारागिराची सही असलेली शिकारीची चकमकी बंदूक २०२३ मध्ये इंग्लंडमधून बाहेर जाणार होती. तेव्हा तिथल्या सरकारने तिच्या निर्यातीला तात्पुरती बंदी घातली. किंमत वीस लाख पौंड. सव्वादोनशे वर्षांपूर्वी म्हैसूरमध्ये एका उस्तादाने आपले नाव कोरले म्हणून आज त्याचे नाव आपल्याला माहीत आहे. आमच्या तळोद्याच्या नळीवरही एखादे नाव असू शकले असते. कोफ्तगरीच्या जागी, जिथे ‘अमल-ए’ लिहून पुढे कारागीर आपले नाव घालीत, तिथे आता विटेच्या भुकटीने घासलेले गुळगुळीत लोखंड आहे.

या प्रकरणात सर्वांत मोठे नुकसान हेच झाले, आणि ते इंग्रजांनी केलेले नाही. जुनी बंदूक लिंबाने, चिंचेने, पॉलिश पेपरने घासू नये. गंज दिसला तर गोडे तेलही लावू नये, ते चिकट होऊन बसते. शिवणयंत्राचे पातळ तेल मऊ कापडाने पुसावे, तेवढे पुरे. अक्षरे पुसट असतील तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिलीची शाई हलकेच फिरवावी, ठसा उठतो. मुलांना नाण्यांवरचा हा खेळ माहीतच असतो.

आणखी एक इशारा नव्या नकलांचा. जुन्या वस्तूंच्या बाजारात आज ‘टॉवर’, ‘लंडन’, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असे ठळक कोरलेल्या आणि पितळी पत्र्याने मढविलेल्या बंदुका मिळतात. अशी बंदूक पाहण्याचा योग आला तर आधी स्क्रू पाहावेत. डोक्यावर फुली असलेले स्क्रू १९३० नंतरचे. नळी आतून पाण्याच्या पाइपसारखी जोडाची आहे का ते पाहावे. इंग्रजी अक्षरे फार ठळक, फार खोल आणि फार बोलकी असतील तर संशय धरावा. खऱ्या बंदुका कमी बोलतात. एका ठिकाणी ‘निजामाची’ म्हणून दाखविलेल्या बंदुकीवर लंबगोलात तीन रोमन अक्षरे होती, इ, एल, जी. ती बेल्जियमच्या लिएज शहरातल्या तपासणी घराची खूण. लिएजने एकोणिसाव्या शतकात जगभर स्वस्त बंदुका विकल्या. ती नक्कल नव्हती, अस्सल जुनी होती; फक्त निजामाची नव्हती.

कायद्याचेही सांगून ठेवतो, कारण ईदेनंतर पोलीस घरी यावेत असे कुणालाच वाटत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे जुन्या पद्धतीचे, पुराण मूल्याचे किंवा मोडके हत्यार, जे दुरुस्तीनेही चालू शकत नाही, ते कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. पण ‘चालू शकत नाही’ हे आपण घरी ठरवायचे नसते. परवाना नसेल तर वकिलाचा सल्ला घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठविता येत नाही, हे १९७२ च्या कायद्याने ठरलेले आहे. मुंबईचा कुणी दलाल ‘दुबईला मोठे गिऱ्हाईक आहे’ म्हणाला तरी.

चाचांना आम्ही शेवटी एक पान लिहून दिले, मराठीत आणि उर्दूत. त्यात लिहिले: नळी आठ पैलूंची, जौहरदार, मूळ तोड्याची, १८१५ पूर्वीची. तिच्यावर बदूहचा चौकोन. देवनागरीत १२१५, फसली किंवा सुहूर, कुठल्याशा मराठी दप्तराच्या कोठारातील नोंद असण्याचा संभव. घोडा व पट्टी ईस्ट इंडिया कंपनीची, सुमारे १८४० ते १८५८. दस्ता स्थानिक सागाचा. घराण्यातील परंपरेप्रमाणे मालेगावच्या अरब जमादाराची. ही परंपरा अमुक वर्षी अमुक व्यक्तीच्या तोंडून ऐकली. शेवटच्या ओळीवर चाचांनी बोट ठेवले आणि विचारले, ही वर का नाही? आम्ही म्हटले, वर तिने स्वतः सांगितलेले आहे, खाली आपण सांगितलेले.

पानाची एक प्रत त्यांनी कुरआन शरीफच्या जुजदानाजवळच्या कपाटात ठेवली. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात खानदेशातले जुने मराठी कागद आहेत. त्यांत कुठे अरबांच्या शिबंदीच्या पगाराच्या, हजेरीच्या याद्या निघाल्या तर ‘खमस अशर मयातैन व अलफ’ या सालची पाने आधी उलटायची असे आमचे ठरले आहे. मराठी कागदावर अरबीत लिहिलेले ते १२१५ च आहे. धाकट्या चिरंजीवांना मोडी शिकायची आहे. आता ते बोलूही लागले आहेत.